सोळाशे, बीम आणि नऊ फुटी खड्डा

पुण्या-मुंबईत हल्ली लोक पैसे भरून चिखलात रांगतात. ‘डेव्हिल्स सर्किट’सारख्या शर्यतींत भिंती चढायच्या, दोराला लोंबकळायचं, बर्फाच्या पाण्यात बुडी मारायची आणि शेवटी गळ्यात पदक घालून फोटो काढायचा. जळगाव-धुळ्याच्या पोराला हा शौक परवडत नाही आणि त्याला त्याची गरजही नाही. त्याच्या वाटेत अडथळे सरकारनेच मांडून ठेवले आहेत.

सैन्याच्या भरती मेळाव्यात १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळालं की ६० गुण, बीमवर दहा पुलअप्स मारल्या की ४० गुण. शिवाय नऊ फुटी खड्डा ओलांडायचा आणि नागमोडी, अरुंद फळीवरून तोल सांभाळत जायचं. या दोन्हींना गुण नाहीत, पण चुकलात तर बाहेर. पोलीस शिपाई भरतीत मैदानीचे ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळा. राज्य राखीव पोलीस दलासाठी पाच किलोमीटर. मैदानीत निम्मे गुण मिळाले तरच लेखीचं दार उघडण्याची आशा. धुळ्यात राखीव दलाचा सहावा गट आणि पोलीस प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे खाकी वर्दी तिथे रोज डोळ्यांसमोर असते. जळगावात मेहरूण तलावाच्या काठावर, तालुक्याच्या गावी कॉलेजच्या मैदानावर, खेड्यात डांबरी रस्त्याच्या कडेला, पहाटे पाचला पोरं पळत असतात. त्यांच्या बोलीत याला ‘ग्राउंड मारणं’ म्हणतात.

या ग्राउंडवर व्यायामाविषयी जे समज फिरतात, त्यांना अडाणीपणा म्हणून उडवून लावणं सोपं आहे. मला ते पटत नाही. हे समज येतात ते भरती झालेल्या दादाकडून. हजारो पोरं पळतात, त्यातली मोजकी लागतात, आणि जो लागला त्याने जे जे केलं ते शास्त्र होऊन बसतं. तो रेनकोट घालून पळाला असेल तर रेनकोट, कच्ची अंडी प्यायला असेल तर कच्ची अंडी. तेच सगळं करून जो रिकाम्या हाताने घरी परतला, त्याला कोणी विचारत नाही. त्यामुळे यश नेमकं कशाने आलं याचा हिशेब कधी लागतच नाही. दुसरी गोष्ट अशी, की सगळे गैरसमज सारख्या तोलाचे नसतात. काही निव्वळ गमतीचे आहेत, काही गुण घालवतात आणि काही जीव घेतात. आरोग्याच्या सदरांमध्ये या सगळ्यांना एकाच काठीने झोडपतात, आणि पोरं मग काहीच ऐकत नाहीत.

गमतीचा समज उंचीचा. बीमला रोज लोंबकळलं की उंची वाढते, हे प्रत्येक ग्राउंडवर ऐकू येतं. पोलीस भरतीत मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर लागतात, त्यामुळे एका सेंटिमीटरसाठी पोरं काहीही करायला तयार असतात. हाडांच्या टोकाशी वाढीच्या कूर्चा असतात. मुलींच्या साधारण पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलांच्या सतरा-अठराव्या वर्षापर्यंत त्या मिटतात. पुढे लोंबकळा किंवा उड्या मारा, हाड लांबत नाही. मात्र या समजात सत्याचा एक कण आहे. मणक्यांमधल्या चकत्या रात्री झोपेत पाणी धरून फुगतात आणि दिवसभराच्या भाराने दबतात. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो. मोजमापाआधी रांगेत उभं राहण्यापेक्षा सतरंजीवर आडवा पडलेला पोरगा त्या अर्थाने हुशारच म्हणायचा. लोंबकळण्याने पकड सुधारते, तेव्हा त्याला हसण्याचं कारण नाही. ‘लहान वयात वजन उचललं की वाढ खुंटते’ हा याचाच उलटा समज. नीट शिकवलेल्या वजनाच्या व्यायामाने वाढ खुंटत नाही.

छातीचंही असंच. ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त, ही अट ऐकली की पोरं दंडांवर दंड मारत सुटतात. दंडाने छातीचा स्नायू वाढेल, पण फुगवण्याचे पाच सेंटिमीटर बरगड्यांच्या हालचालीतून आणि श्वास सोडण्या-घेण्याच्या सवयीतून येतात. पूर्ण श्वास सोडून पहिलं माप द्यायला शिकलं की निम्मं काम होतं.

पोट कमी करायला सिटअप्स, हा समज तर जगभरचा आहे. १९८४ साली अमेरिकेत संशोधकांनी तेरा जणांकडून २७ दिवसांत प्रत्येकी पाच हजार चार सिटअप्स काढून घेतल्या आणि पोट, पाठ, नितंब अशा तिन्ही जागांची चरबी तपासली. पोटाची वेगळी अशी घटलीच नाही. चरबी कुठून आधी जाईल हे शरीर ठरवतं.

आता गुण घालवणाऱ्या समजांकडे येतो, आणि त्यांत पहिला मान सोळाशेचा. ‘सोळाशे सुधारायचं तर रोज सोळाशे जीव तोडून मारायचं.’ बहुतेक पोरं हेच करतात. पहिले दोन महिने टायमिंग झरझर उतरतं, मग पाच मिनिटं पन्नासवर अडकतं ते अडकतंच. ‘दम पुरत नही भो,’ असं म्हणत पोरगा आणखी जोरात पळायला लागतो. या अंतराला लागणाऱ्या ऊर्जेच्या पाच भागांतले जवळपास चार प्राणवायूच्या मदतीने तयार होतात. ती क्षमता वाढते सावकाश, लांब पळण्याने. शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने. आठवड्यात दोन दिवस कठीण, बाकी दिवस हलके, एक दिवस पूर्ण आराम, ही जगभरच्या मध्यम पल्ल्याच्या धावपटूंची जुनी रीत आहे. हलकं पळणं पोरांना लाजिरवाणं वाटतं, कारण बाजूने मुलं भराभर पुढे जातात. ती लाज गिळता आली तर टायमिंग उतरतं.

त्यात हिशेबाची चूक वेगळीच. पोलीस भरतीत १६०० मीटरला पूर्ण वीस गुण हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. चारशे मीटरच्या ट्रॅकवर चार राउंड, म्हणजे प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंद. मैदानावर उभं राहून घड्याळ लावलं तर काय दिसतं? पहिला राउंड अडुसष्ट-सत्तरचा, शिट्टीच्या आणि गर्दीच्या भरात. दुसरा अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्यात खांदे कानाशी येतात, मुठी आवळतात, मान मागे जाते आणि राउंड नव्वदला टेकतो. चौथ्यात ओरडा करून काही सेकंद परत मिळतात. पायांत ताकद तेवढीच ठेवून, फक्त पहिला राउंड शहात्तरला धरला तरी शेवटी सेकंद वाचतात. खेड्यात ट्रॅक नसतो, मग रस्त्याकडेला दर चारशे मीटरवर दगडाला चुना फासायचा आणि मनगटावर घड्याळ बांधायचं. बुटांवर हजारो खर्च करणारा पोरगा हे मात्र करत नाही.

डांबरी रस्त्यावर पळून गुडघे झिजतात, असं घरचे म्हणतात. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा हौसेने पळणाऱ्यांत गुडघा-खुब्याची झीज साडेतीन टक्के आणि बैठं जीवन जगणाऱ्यांत दहा टक्क्यांच्या वर निघाली. त्यामुळे गुडघ्याची भीती नको, भीती नडगीची हवी. भरतीची जाहिरात निघाली की आठवड्याचे दहा किलोमीटर एकदम चाळीस होतात. स्नायू आणि फुफ्फुसं हा भार लवकर अंगवळणी पाडतात, हाडाला मात्र महिने लागतात. नडगी सगळीकडून ठणकत असेल तर भार कमी करून निभतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असण्याची शंका घ्यावी. एक्स-रेमध्ये तो सुरुवातीचे काही आठवडे दिसतही नाही. ‘दुखण्यावरच पळ, मोकळं होईल’ या सल्ल्याने भरतीचं आख्खं वर्ष वाया जातं.

लॅक्टिक ॲसिड साचून दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, हेही खरं नाही. ते तासाभरात रक्तातून निघून जातं. दुखतं ते स्नायूतंतूंच्या सूक्ष्म इजेमुळे. पळण्याआधी ताण देत मिनिटमिनिटभर उभं राहण्यापेक्षा हलकी धाव, पाय झुलवणं, गुडघे वर घेऊन चार पावलं पळणं बरं. याने फार मोठा फरक पडतो असं मात्र नाही.

खड्ड्याची गोष्ट निराळी. नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटरही नाही. जो पोरगा पांझरा नदीच्या वाळूत सहज बारा फूट उडी मारतो, तोच मेळाव्याच्या खड्ड्यात पाय घालून बाहेर पडतो. सगळे म्हणतात, पायात ताकद नाही. ताकदीचा इथे संबंध फार थोडा. काठ दिसला की पोरगा शेवटची चार पावलं आखडून टाकतो, वेग मरतो, आणि मग तो जागच्या जागी उंच उडायला बघतो. जगातले उत्तम लांब उडीवाले जमिनीशी फक्त वीसेक अंशांचा कोन करून उडतात. उडी जाते ती धावेच्या वेगावर. म्हणून खड्ड्याचा सराव म्हणजे पावलं मोजण्याचा सराव. उलट धाव घेऊन खूण करायची, तिथूनच दरवेळी निघायचं आणि नजर काठावर न ठेवता पलीकडे ठेवायची. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे याच विद्येवर उभा आहे. सैन्यात गेल्यावरच तो धावपटू झाला. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि पाण्याच्या सात उड्या असतात. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. अडथळ्यापाशी न रेंगाळणं हे त्याच्या शर्यतीचं मर्म. नागमोडी फळीवरही तेच. पायाकडे बघत चालणारा पडतो.

बीमवर रोज हात सुटेपर्यंत मारणं ही आणखी एक सवय. ज्याच्या सहाच निघतात त्याने एका दमात सहा मारून हात लुळे करण्यापेक्षा तीन-तीनच्या सात-आठ फेऱ्या विश्रांती घेऊन माराव्यात, आणि खाली येताना सावकाश यावं. ज्याची एकही निघत नाही त्याने स्टुलावरून वर चढून फक्त सावकाश उतरावं. झटके देत, पाय झाडत मारलेल्या दहा पुलअप्स सरावात मोजल्या जातात, मेळाव्यात नाही.

मुलींच्या बाबतीत समज जरा कडवट आहेत. चार किलोचा गोळा टाकून हात पुरुषी होतात, हे आईच्या आणि मावशीच्या तोंडून ऐकायला मिळतं. पुरुषी संप्रेरक स्त्रीच्या शरीरात पुरुषाच्या मानाने इतकं थोडं असतं, की तसे दंड कमवायला वर्षानुवर्षं मुद्दाम राबावं लागेल. पाळीत ग्राउंड बंद ठेवावं, हेही तसंच. ज्या मुलीला त्रास होत नाही तिने थांबण्याचं कारण नाही. खरी अडचण दुसरीकडेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. ८०० मीटरच्या दुसऱ्या राउंडला जिचे पाय शिसं होतात, तिला प्रशिक्षक ‘तुझ्यात जिद्द नाही’ म्हणतो, आणि तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारंच कमी असतं. ग्रामीण रुग्णालयात होणारी ही साधी तपासणी प्रत्येक अकॅडमीने पहिल्या दिवशी करून घ्यायला हवी. जेवणासोबत चहा टाळला तरी अन्नातलं लोह जास्त अंगी लागतं.

खाण्यापिण्यात खान्देशी घर मुळात गरीब नाही. ज्वारी आणि उडदाच्या कळण्याची भाकरी, शेंगदाणे, तूरडाळ, दूध यांतून पळणाऱ्या पोराची प्रथिनांची गरज बरीचशी भागते. त्याला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम लागतात. त्यासाठी पावडरचा डबा अपरिहार्य नाही. कच्ची अंडी पिणं मात्र सरळ तोट्याचं. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिनं पचतात, कच्च्यातली जेमतेम निम्मी. ग्लुकोजची पुडी सोळाशेच्या आधी तोंडात टाकण्यालाही अर्थ नाही. पासष्ट किलोच्या पोराला या अंतरासाठी शंभरेक कॅलरी लागतात, त्या त्याच्या स्नायूंत आधीच साठलेल्या असतात.

इथून पुढचे समज जिवावरचे आहेत.

घाम म्हणजे वितळलेली चरबी, हा त्यातला पहिला. मार्चमध्ये पारा चाळिशीकडे निघालेला असताना मेहरूणच्या काठावर एखादा पोरगा अंगात रेनकोट, त्यावर जाकीट, डोक्याला टोपी अशा अवतारात पळताना दिसतो. घरी जाऊन तो वजनकाट्यावर उभा राहतो, किलोभर कमी दिसतं आणि खूश होतो. ते किलोभर पाणी असतं, दोन तांबे प्यायल्यावर परत येतं. घामाचं काम अंग थंड करण्याचं, आणि तो सुकला तरच अंग थंड होतं. एक लिटर घाम सुकताना साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. खान्देशची हवा कोरडी, घाम झटकन सुकतो, म्हणूनच इथली माणसं भुसावळच्या ४६-४७ अंशांतही वावरू शकतात. रेनकोट घालून आपण निसर्गाने दिलेला हाच फायदा घालवतो. घाम गळतो, सुकत नाही, आतलं तापमान चढत जातं. चाळीस अंशांच्या पुढे मेंदू बिघडायला लागतो. पोरगा झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, आणि सोबतचे म्हणतात, ‘थकला, बसू दे.’ त्याला बसवून ठेवायचं नसतं. कपडे काढून, मिळेल तेवढं गार पाणी ओतत, वारा घालत तिथेच थंड करायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं. पहिला अर्धा तास निर्णायक असतो.

हे पुस्तकी भय नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावेत काही उमेदवार दगावले. जून २०२४ मध्ये राखीव दलाच्या पाच किलोमीटर चाचणीत जळगाव जिल्ह्यातलाच एक तरुण गेला. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर पळताना दहाहून अधिक जण मेले. प्रत्येक मृत्यूचं कारण वेगळं असू शकतं, पण उष्म्यात जीव खाऊन पळणं हा धागा वारंवार दिसतो. उन्हाची सवय अंगाला लावता येते. दहा ते चौदा दिवस रोज थोडं थोडं, वेळ वाढवत पळावं लागतं. महिनाभर पहाटेच्या गारव्यात पळालेला पोरगा सकाळी अकराच्या उन्हात चाचणीला उभा राहतो, तेव्हा त्याचं शरीर नवखंच असतं. पळताना पाणी पिऊ नये, हा जुना दंडकही सोडून द्यावा. तहान लागली की घोट घोट प्यावं. उगीच लिटरच्या लिटर ढोसण्याचीही गरज नाही.

दुसरा समज, ताप घामाने उतरतो. अंगात ताप असताना, विशेषतः विषाणूच्या तापात, जोराने पळणं हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असेल तर प्राणघातक ठरू शकतं. ताप उतरल्यावरही काही दिवस थांबावं. छातीत दुखणं, पळताना चक्कर येऊन पडणं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यांपैकी एक जरी असेल तरी आधी हृदयाची तपासणी.

तिसरी गोष्ट सातपुड्याची आहे आणि शहरी व्यायामलेखांत ती सापडत नाही. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचं प्रमाण बरंच आहे. वाहक असलेला, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच तो दोष आलेला मुलगा एरवी ठणठणीत असतो. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं नाही, पण अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका दीडपट निघाला. म्हणजे ‘वाहक आहेस, पळू नको’ हे चूक, आणि ‘काही होत नाही, ढकल’ हेही चूक. वाहकाने वेग हळूहळू वाढवायचा, पाणी भरपूर प्यायचं आणि पाय आवळून यायला लागले की तत्काळ थांबायचं. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तेव्हापासून तपासणी आणि कार्ड गावापर्यंत पोचतं आहे. ते कार्ड प्रशिक्षकाला दाखवायची लाज वाटू नये.

आणि इंजेक्शन. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असलेलं मेफेंटरमाईन जिममधल्या पोरांच्या हातात पोचलं आहे. राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी छापे घालून ते पकडलं आहे. ते टोचलं की थकवा कळत नाही. थकवा हा शरीराचा ब्रेक आहे. तो काढून टाकून उन्हात पळवलेल्या हृदयाचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. ‘दादानेही घेतलं होतं’ असं सांगणारा विक्रेता दादाचं आज काय चाललंय ते सांगत नाही.

राहता राहिला शेवटचा समज, रिकाम्या पोटी अंग हलकं राहतं. जळगावहून रात्रीच्या गाडीने निघालेला उमेदवार मुंबईत स्टेशनवर किंवा फुटपाथवर डुलक्या काढतो, पहाटे मैदानाबाहेर रांगेत लागतो आणि काही न खाता दुपारी पळतो. पिशवीत घरची केळी असतात. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण कफ होतो म्हणून ती ग्राउंड झाल्यावर खायची, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. केळ्याने दम अडत नाही. पळण्याच्या दीड-दोन तास आधी दोन केळी, मिठाची चिमूट टाकलेलं लिंबूपाणी आणि आदल्या रात्री नातेवाइकाकडे किंवा धर्मशाळेत मिळाली तर सहा तास झोप. शेवटच्या आठवड्यात यापेक्षा जास्त सेकंद दुसरं काही वाचवत नाही.